दोन नंबरचा गोलकीपर

मुलाचं नाव परीक्षित ठेवताना मी ते मराठीत मोठ्याने म्हणून बघितलं होतं, संस्कृतातला अर्थ काढून ठेवला होता. फक्त इंग्रजीत म्हणून बघायचं राहून गेलं. अमेरिकेत वाढणार असलेल्या मुलाच्या बापाला हे सुचायला हवं होतं. शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी हजेरी घेताना त्याच्या नावाचा शेवट असा काही उच्चारला की वर्ग हसून लोळला. तेव्हापासून बाहेरच्या जगात तो ‘पारिक’ आहे आणि घरात परीक्षित.

मी चारुदत्त वझे. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये राहतो आणि गाड्यांच्या सीट्सची टेस्टिंग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. माणूस किती वेळ बसला की त्याची पाठ दुखायला लागते, हा माझ्या पोटापाण्याचा विषय. तेव्हा खेळाशी माझा संबंध कितपत असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

घरात फुटबॉल आणला तो आमच्या थोरल्या अंतराने. ती परीक्षितपेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिला सरावासाठी कोणीतरी समोर उभं करायला हवं होतं, म्हणून तिने धाकट्या भावाला गॅरेजच्या दारासमोर उभं केलं आणि त्याच्या अंगावर बॉल मारायला सुरुवात केली. तो बॉल अडवायला शिकला. न अडवलेल्या बॉल्सनी दाराला पोचे पडले. त्या सगळ्या काळात फुटबॉल या विषयावर मी जे काही बोललो ते त्या दाराबद्दल बोललो.

पुढे तो क्लबमधून खेळायला लागला. मी त्याला वर्षानुवर्षं मैदानांवर सोडलं आणि परत आणलं. मधल्या वेळात मी गाडीत बसून ऑफिसचे कॉल करायचो. मैदानावर काय चालायचं ते मला नीट माहीत नव्हतं. कॉलेजच्या अर्जात चांगलं दिसतं, एवढं माहीत होतं.

अर्ज चांगला दिसलाही. एका उत्तम इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. आणि मे महिन्यात जेवताना त्याने सांगितलं की तो एक वर्ष उशिरा जाणार आहे. त्याच्या कोचच्या ओळखीने फॅरो बेटांवरच्या एका क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात त्याला जागा मिळत होती. एका कुटुंबाकडे राहायचं, सकाळी मासे पॅक करायच्या कारखान्यात काम करायचं आणि दुपारी खेळायचं.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आमच्या घराण्यात आजवर कोणी मासा खाल्ला नव्हता, आणि हा तो खोक्यांत भरायला निघाला होता. आसावरीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला एकच विचारलं, तिथे थंडी किती असते. मग जाऊन दोन जॅकेटं आणली. त्यावरून तो जाणार हे ठरल्याचं मला समजलं.

माझं मत कधी बदललं ते मी सांगू शकतो. ऑगस्टमध्ये फोनवर त्याने सांगितलं की त्याचा क्लब गेल्या वर्षी त्या बेटांचा युवा चॅम्पियन झाला होता, त्यामुळे आता ते युरोपच्या युवा चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळणार आहेत. युरोपातल्या सगळ्या बड्या क्लबांचे युवा संघ त्या स्पर्धेत असतात. बडे थेट आत असतात; छोट्या देशांच्या चॅम्पियनांनी आधी आपापसांत खेळून आत जायचं असतं. एक सामना आपल्याकडे, एक त्यांच्याकडे, दोन्हींतल्या गोलांची बेरीज. पुढे तो असंही म्हणाला की पहिला गोलकीपर येग्वन नावाचा तिथलाच मुलगा आहे, मी दुसरा आहे, मी बेंचवर असेन. हे तो अगदी स्पष्ट म्हणाला. पण मी ‘युरोप’ या शब्दापाशीच थांबलो होतो.

पुढच्याच आठवड्यात मंडळाचा गणपती होता. आरतीनंतर श्रीरंगकाका भेटले. श्रीरंगकाका निवृत्त हार्ट सर्जन, पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेले. मंडळातल्या निम्म्या लोकांची छाती त्यांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलेली आहे आणि उरलेल्यांना व्यायाम करा म्हणून सांगितलेलं आहे. त्यांनी परीक्षितची चौकशी केली. मी सांगितलं, फॅरो बेटांवर आहे.

“इजिप्तला का?” काकांनी विचारलं.

मी सांगितलं की नाही, हे स्कॉटलंड आणि आइसलँडच्या मधे येतं, आणि ओघात स्पर्धेचंही सांगितलं. प्रसादाच्या रांगेत लोकांच्या तोंडी माझ्या सांगण्यातला ‘पात्रता फेरी’ हा शब्द गळला. जेवणाच्या पंगतीत ‘युवा’ गळला. पार्किंग लॉटमध्ये अतुल मला गाठायला धावत आला तोवर माझा मुलगा चॅम्पियन्स लीगचा गोलकीपर झालेला होता. अतुलचा मुलगा बॉस्टनच्या अशा कॉलेजात आहे की ज्याचं नाव त्याला घ्यावं लागत नाही, नुसतं ‘बॉस्टन’ म्हटलं की पुरतं. चार वर्षं मी ते बॉस्टन ऐकत होतो. त्या संध्याकाळी अतुलने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी त्याला काही दुरुस्त करून सांगितलं नाही. मी स्वतः एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. लोक गाळत गेले आणि मी गाळू दिलं.

पहिला सामना सायप्रसला झाला. परीक्षितचा संघ दोन विरुद्ध एक असा हरला आणि तो स्वतः बेंचवरून उठला नाही. मंडळात विचारणा झाल्यावर मी म्हणालो की कोचने त्याला घरच्या सामन्यासाठी राखून ठेवलंय. आता हे मात्र खोटं होतं. ते सफाईने तोंडातून बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग मी सगळ्यांना दुसऱ्या सामन्यासाठी घरी बोलावूनही टाकलं.

सामना बुधवारी होता, आमच्या वेळेने सकाळी अकराला. ट्रॉयमधले पुष्कळ मराठी इंजिनिअर त्या दिवशी घरून काम करणार असल्याचं कंपन्यांना कळवून आमच्या बेसमेंटमध्ये जमले. श्रीरंगकाका आणि रेखाकाकू सगळ्यांत आधी आले आणि टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसले. अंतरा हल्ली ॲन आर्बरला फिजिओथेरपिस्ट आहे, तीही सुट्टी काढून आली. आसावरीने पोहे आणि साबुदाणा वडे केले होते. वर स्वयंपाकघरात तिने मला विचारलं की तो बेंचवर असणार हे मी सगळ्यांना सांगितलंय ना. मी म्हटलं, पोहे देताना सांगतो.

पोहे देताना सांगायचं राहिलं, कारण सामना सुरू झाला.

प्रक्षेपण एकाच कॅमेऱ्याचं होतं. तो कशाच्या तरी टोकावर बसवलेला होता आणि ते जे काही होतं ते वाऱ्याने हलत होतं. समुद्राला लागून हिरवं टर्फ, गोलच्या मागे डोंगर आणि डोंगरावर मेंढ्या. माणसं तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. सायप्रसची मुलं हात काखेत घालून उभी होती. आणि डाव्या गोलमध्ये नारिंगी कपड्यांतला, लांब पँट, हातमोजे आणि कानांवर ओढलेली काळी लोकरी टोपी घातलेला उंच मुलगा होता. त्याच्या अंगाचा एक इंचही दिसत नव्हता.

श्रीरंगकाकांनी बोट दाखवून विचारलं, “तो आपला परीक्षित ना?”

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

“केवढा उंच झालाय बघा,” मी म्हणालो.

वाक्य म्हणून त्यात खोट काढता येणार नाही. परीक्षित खरंच उंच झालाय. अंतराने माझ्याकडे बघितलं आणि मग वड्याकडे बघितलं.

दहाएक मिनिटांत सायप्रसच्या मुलाने जवळून मारलेला बॉल नारिंगी मुलाने आडवं झेपावून बाहेर ढकलला. बेसमेंट दणाणलं. रेखाकाकूंचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने त्याने आणखी एक अडवला, तो तर अप्रतिम होता. आधी उजवीकडे निघालेला मुलगा बॉल वळलेला बघून अर्ध्या वाटेत थांबला आणि पाय मागे टाकून त्याने तो टाचेने उडवला. अतुलने उठून माझा हात हलवला. मी तो हलवू दिला. एवढंच नाही, तर लहानपणी मी त्याला गॅरेजच्या दारासमोर कसा उभा करत असे, त्याची हकिगतही सांगितली. अंतराने ती पूर्ण ऐकून घेतली. तिला एक अख्खा वडा तोंडात घालावा लागला.

मग ते घडलं. नारिंगी मुलाने आपल्या गोलपुढून बॉल उंच लाथाडला. वारा समोरून होता. बॉल वर गेला, मैदानाच्या मध्याकडे निघाला, हवेत थबकला, आणि मागे यायला लागला. मुलगा आधी बघत राहिला, मग पळायला लागला. बॉल त्याच्या डोक्यावरून, एक टप्पा घेऊन, त्याच्याच गोलमध्ये गेला.

त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की ओरडून सांगावं, हा माझा नाही. तोंड उघडलंही होतं. पण दोन झेपा स्वीकारून झाल्यावर ही एक लाथ परत कशी करणार? रेखाकाकू पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की मुलं आहेत, व्हायचंच. कोणीतरी पाणी आणून दिलं. अतुल इतक्या प्रेमाने बोलला की मला त्याच्या मुलाबद्दलही चार चांगले शब्द बोलावे लागले. पोराच्या चुकीचं एवढं सांत्वन मला आजवर कोणी केलं नव्हतं, आणि हे पोर दुसऱ्याचं होतं.

“गोल नाहीये तो,” अंतरा म्हणाली. तिने समजावलं की गोलकिक सरळ आपल्याच गोलमध्ये गेली तर गोल धरत नाहीत, समोरच्यांना कॉर्नर देतात. पंच खरोखरच कोपऱ्याकडे हात करून उभा होता. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि मी मान डोलावली, जणू मला ते ठाऊक होतं आणि मी फक्त वाट बघत होतो.

मध्यंतरात मी जिन्यापाशी गेलो. आसावरी पहिल्यापासून खालच्या पायरीवर बसून होती. मी तिला म्हटलं, तिथून तुला काय दिसतंय, पुढे येऊन बस.

“दिसतोय की,” ती म्हणाली आणि टीव्हीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे मैदानाच्या कडेला बेंच होता आणि त्यावर काही ठिपके होते. “डावीकडून तिसरा. दोन्ही जॅकेटं घातलीत.”

ती पाऊण तास तेवढाच कोपरा बघत होती. तिने सांगितलं की तो सारखा उठून येग्वनला काहीतरी ओरडून सांगतो, बॉल मागे आला तेव्हा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता, आणि पंचाने गोल न देता कॉर्नर दिल्यावर शेजारच्याच्या गळ्यात पडला. मी बघितलं. तिसरा ठिपका उड्या मारून अंग गरम ठेवत होता. मान थोडी तिरकी ठेवून उभं राहायची त्याची सवय इतक्या लांबूनही ओळखू येत होती. मला ती ओळखायला अर्धा सामना लागला.

“सांग आता सगळ्यांना,” आसावरी म्हणाली.

मी म्हटलं, सामना संपला की सांगतो. ती पुन्हा त्या कोपऱ्याकडे बघायला लागली. बावीस वर्षं डेंटल क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर काढलेल्या बाईला माणूस कधी खुर्चीत बसेल आणि कधी पळेल हे कळतं.

दुसऱ्या अर्ध्यात वारा आमच्या बाजूने होता. सायप्रसवाल्यांना बॉल मध्यापलीकडे नेता येईना. बराच वेळ नुसती रेटारेटी चालली आणि शेवटी आमच्या एका ठेंगण्या मुलाने लांबून मारलेला बॉल वाऱ्यावर चढून आत गेला. एक शून्य. अतुलने मला पेढे कधी विचारलं. तेव्हा अंतराने पुन्हा समजावलं की दोन्ही सामने मिळून आता दोन-दोन झालेत, असंच राहिलं तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. दोघांचेही पाच-पाच फटके, समोर फक्त गोलकीपर. श्रीरंगकाकांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलायला लागले.

शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना खेळ थांबला. कडेला एक माणूस नंबरांचा फलक धरून उभा राहिला. नारिंगी मुलगा धावत बाहेर यायला लागला. बेंचवरच्या तिसऱ्या ठिपक्याने एक जॅकेट काढलं, मग दुसरं काढलं. आत नारिंगी जर्सी होती. डोक्याला टोपी नव्हती आणि केस काळेभोर होते. दोघं रेषेवर एकमेकांना भेटले, येग्वनने त्याच्या दोन्ही गालांवर थापट्या मारल्या. वाऱ्यातून लाउडस्पीकरचा आवाज आला, त्यातलं ‘पारिक’ आणि ‘वाझे’ एवढं सगळ्यांना ऐकू आलं.

श्रीरंगकाकांनी डोळे उघडले. “चारुदत्त, परीक्षित बाहेर गेला का रे?”

“नाही काका. परीक्षित आत्ता आत आला, पेनल्टीसाठी.”

“मग इतका वेळ कोण होता?”

“येग्वन,” मी म्हणालो. “तो पहिला गोलकीपर आहे. परीक्षित दुसरा. तो आत्तापर्यंत बेंचवर होता.”

अशा वेळी जमीन दुभंगावी असं वाटतं म्हणतात. पण बेसमेंटमध्ये असल्यावर तीही सोय नसते. अतुल हातातली बशी खाली ठेवत म्हणाला, “म्हणजे मघाशी मी तुझा हात हलवला तो कशाबद्दल?” उत्तरासाठी कोणी थांबलं नाही, कारण तोवर खेळ संपल्याची शिट्टी होऊन पेनल्टीची वेळ आली होती, सायप्रसचा पहिला मुलगा बॉल जागेवर ठेवत होता आणि पांढऱ्या रेषेवर या वेळी खरोखर आमचा मुलगा उभा होता.

मी बघितलं नाही, हे सांगून टाकतो. मी आसावरीकडे बघत होतो. ती पायरीवरून उठून टीव्हीच्या इतकी जवळ गेली होती की मागच्यांना दिसेना, आणि कोणी तिला बाजूला हो म्हणालं नाही. तिचे खांदे एकदम वर गेले. मग खोलीत असा आवाज झाला की वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं. परीक्षित डावीकडे झेपावला होता आणि बॉल त्याच्या मनगटाला लागून खांबाबाहेर गेला होता. श्रीरंगकाका सोफ्यावरून स्वतःचे स्वतः उठून उभे होते, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. अंतरा रडत होती आणि रडताना म्हणत होती की तो नेहमी डावीकडेच जातो, नेहमी.

त्यानंतर त्याने एकही अडवला नाही. आमच्या एका मुलाचा फटका वरच्या दांडीला लागला, पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी झाली, मग एकेकाची पाळी सुरू झाली. सायप्रसच्या मुलाने घातला. आमच्या ठेंगण्या मुलाचा बॉल गोलवरून जो उडाला तो थेट डोंगराच्या उतारावर जाऊन पडला आणि मेंढ्या पांगल्या. स्पर्धा तिथेच संपली. परीक्षित त्या मुलाकडे धावत गेला आणि त्याला उठवून घेऊन आला.

मंडळी निघताना माझी अपेक्षा होती त्यापेक्षा बरी वागली. म्हणजे हसली. अतुलने दारात मला सांगितलं की त्याचा मुलगा बॉस्टनला एका विषयात नापास झालाय, आणि हे मी कोणाला सांगू नये. श्रीरंगकाका तेवढे रागावलेले होते. ते म्हणाले, “मला आधी सांगायचंस. मी सबंध रामरक्षा त्या दुसऱ्या पोरासाठी म्हटली.”

दुपारी परीक्षितचा फोन आला. मी पराभवाबद्दल काहीतरी समजुतीचं बोलायला तयार होतो, पण त्याचा आवाजच आनंदाने फुटत होता. त्याने तो एक फटका मला तीनदा सांगितला, त्या मुलाची कंबर कशी वळली आणि त्यावरून त्याला कसं कळलं ते. मग त्याने विचारलं की घरी कोण कोण बघत होतं. तेव्हा मी सगळं सांगितलं. टोपी, हस्तांदोलन, गॅरेजची हकिगत, रामरक्षा. पलीकडून नुसते धापा टाकल्यासारखे आवाज यायला लागले. मग लक्षात आलं की तो हसतोय, इतका की बोलता येत नाहीये. त्याने ते सगळं तिथल्या तिथे कोणाला तरी इंग्रजीत सांगितलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

तो येग्वन होता. त्याने सावकाश, जपून इंग्रजी बोलत माझे आभार मानले. त्याचे वडील मासेमारीच्या बोटीवर असतात. बोट रविवारपर्यंत परत येणार नाही आणि तिथे नेट चालत नाही, त्यामुळे त्यांनी सामना बघितलेला नाही. आई लहानपणीच गेलेली. आपल्यासाठी आज कोणी आरडाओरडा केला असेल असं त्याच्या मनातही नव्हतं. तुमच्या मित्रांना सांगा, तो म्हणाला, की मला फार बरं वाटलं.

मग मी त्याला म्हणालो की दुसरी झेप आमच्याकडे सगळ्यांना जास्त आवडली. तो म्हणाला, कुठली? मी सांगायला लागलो. तो आधी उजवीकडे कसा निघाला, बॉल कसा वळला, पाय मागे कसा टाकला. दुसऱ्या कुठल्याही गोलकीपरची झेप मी एवढी नीट बघितली नसती. तो मधेच म्हणाला की टाच नव्हे, घोटा लागला होता, अजून दुखतोय. मी म्हटलं, इथून टाच वाटली. त्याने विचारलं, ती बॉल मागे आलेली लाथ दिसली का. मी म्हटलं, दिसली, पण वाराच तसा होता, आणि तुझे वडील विचारतील तेव्हा त्यांना आधी ती झेप सांग.

आसावरी मघापासून शेजारी हात पुढे करून उभी होती.

“तुझ्या मुलाशी बोलून झालं असेल,” ती म्हणाली, “तर आता माझ्याला फोनवर बोलाव.”